आखूड पन्हळ

“आधी हात बघ रे. उलटा बघ, सुलटा बघ. मग लाकडाकडे वळ. घाई कसली झालीय तुला?”

बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी म्हाताऱ्या सुताराच्या कानात हे बोलणं तसंच्या तसं बसलं होतं, त्यातल्या खोकल्यासकट. कुणी कुदळीला दांडा बसवायला आलं, की बाप आधी त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायचा. “दाब,” म्हणायचा, “हीच तुझी कुदळ समज आणि दाब.” माणूस उगाच लाजायचा, हसायचा आणि गोळा आवळायचा. मातीत बोटं उमटायची. मग तो गोळा समोर ठेवून बाप लाकूड तासायला बसायचा. त्याने केलेला दांडा चुकून दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्या माणसाला दिवसभर परक्याची चप्पल घातल्यासारखं व्हायचं.

सुतारानेही जन्मभर तेच केलं. पण यंदा गोळा द्यायचा कुणाला? पावसाने पाठ फिरवली होती. जमिनीला भेगा पडल्या होत्या, आणि ज्यांनी कुदळ चालवायची ते काम शोधायला बाहेर पडले होते. पडवीत रंधा, पटाशी, करवत सगळं ओळीने मांडलेलं. त्यावर धूळ बसायची, तो फडक्याने पुसायचा, पुन्हा बसायची. मुलगा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, चार चार दिवस घरी नसायचा. त्याच्या कमाईत एका वेळची चूल पेटायची. दुसऱ्या वेळची पेटायची ती सुनेच्या जिवावर. ती गवत कापणाऱ्या बायकांच्या टोळीत होती. होती, म्हणजे थंडीपर्यंत होती.

थंडीत गोठ्यातल्या चारा कापायच्या यंत्रात तिचा उजवा हात गेला. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. जखम भरायला दिवस लागले. तोवर गाय विकून झाली होती आणि यंत्राचं चाक दोरीने बांधून टाकलं होतं. आता पट्टीही सुटली होती, पण ती हातावर फडकं गुंडाळूनच वावरायची. भांडी डाव्या हाताने घासायची, केर डाव्या हाताने काढायची. पीठ मळताना तेवढं फडकं सोडायची, आणि तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायची.

सुताराने तो हात अजून बघितला नव्हता. दवाखान्यात पट्टी होती. घरी आल्यावर फडकं होतं.

एके दिवशी मुकादम दारात येऊन उभा राहिला. तो चपला काढायचा नाही आणि बसायचाही नाही.

“काय शिडे, जमतंय का?”

सून चांगली उंच होती. टोळीतल्या बायकांनी तिचं नाव शिडी पाडलं होतं, आणि मुकादमाने ते उचललं होतं.

“जमेल,” ती म्हणाली.

“जमेल नको, जमतं म्हण. इथलं गवत संपत आलं. बाजाराच्या दिवशी पहाटेच ट्रक डोंगरापलीकडे जाणार, पाऊस पडेपर्यंत काम तिकडेच. ज्या बाईच्या हातात विळा, ती ट्रकमध्ये. तुझ्या जागेसाठी तिघी मागे लागल्यात माझ्या.” मग तो सुताराकडे वळला. “बाबा, जगाला दांडे घालता, सुनेला एक मूठ होत नाही का?”

डाव्या हाताने विळा धरून तिने आधीच बघितलं होतं. विळ्याला कललेले दात असतात, उजव्या हाताने ओढले तर गवत धरतात. डाव्याने ओढले की नुसते घसरतात.

त्या दुपारी त्याने मूठ केली. गोळा दिला नाही. सुनेचा हात हातात घेणं त्याच्याने व्हायचं नव्हतं, आणि ‘फडकं सोड’ म्हणायला तोंड उघडेना. दवाखान्यात तो तिला एक वाक्य बोलला होता, ते दोघांच्या मध्ये बसून होतं. “जरा लक्ष द्यायला हवं होतं, सूनबाई.” सगळेच तसं म्हणत होते. तोही म्हणाला.

त्याने अंदाजाने मूठ तासली. तीन बोटं नाहीत तर मूठ बारीक हवी, असा त्याचा हिशेब. काचकागदाने घासून घासून गुळगुळीत केली, तेल पाजलं. विळा तिच्या पुढ्यात ठेवला.

“छान झालीय, मामंजी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जवळच्या उतारावर टोळीबरोबर गेली. परत आली तेव्हा विळा फडक्यात होता आणि हातही दुसऱ्या फडक्यात होता, दोन्हींवर सारखेच डाग. तिने डाव्या हाताने ताट वाढलं. सुतार खाली मान घालून जेवला.

“मूठ फिरते का गं हातात?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे?”

“मी घट्ट धरते ना, तेव्हा फिरते.”

बाकीचं गवळणीकडून कळलं. गवळणीचं घर गल्लीच्या टोकाला, आठ जनावरं, आणि आवाज असा की तिने हाक मारली की दुसऱ्याच्या गोठ्यातली गाय उठावी. सकाळी दूध घालून परतताना ती पडवीशी थांबली.

“काय सुतारबाबा, माशा मारताय की लाकूड तासताय?”

“दोन्ही नाही.”

“तुमच्या सुनेची काल फजिती झाली म्हणे. विळा उडाला आणि मुकादमाच्या पायाशी पडला. तो म्हणाला, शिडीच्या पायऱ्या गळाल्यात, आता चढायचं कसं? सगळ्या हसल्या मेल्या.” ती स्वतःही हसली, मग आत चुलीपाशी बसलेली सून दिसली तशी जरा ओशाळली. पण गप्प बसणं तिच्या अंगात नव्हतं. “मी तर आमच्या नव्या सुनेला रोज सांगते, बाई, लक्ष दे, नाहीतर शेजारणीसारखं होईल. तीही अशीच ताडमाड. दारातून वाकून आत येते. पण कामाला वाघीण! अंधार फिटायच्या आत मोटार लावते आणि सगळ्या जनावरांचा चारा कापून मोकळी. आणि यंत्राला तुम्ही करून दिलेली ती चारा सारायची पन्हळ, बाबा, काय सांगू! चारा कसा लोण्यासारखा सरकतो. यंदाचा चारा तरी काय, नुसती बोटभर खुंटं. तरी सरकतो.”

कौतुक ऐकून सुताराला एरवी बरं वाटलं असतं. आत सुनेच्या हातातलं भांडं पडलं. ती उचलायला वाकली नाही. गवळण गेल्यावरही ती तशीच उभी होती, गल्लीच्या टोकाकडे बघत.

बाजाराला दोन दिवस उरले तेव्हा मुलगा घरी आला. डोळे लाल, अंगाला डिझेलचा वास. सुताराने परसातून माती आणली, पाणी घालून मळली आणि गोळा त्याच्या हातात दिला.

“तिच्याकडून दाबून घे. विळा धरल्यासारखा.”

“मी?”

“मग काय मी घेऊ? नवरा तू आहेस.”

मुलगा गोळा घेऊन आत गेला. मग गोळा आणून त्याने पाटावर ठेवला आणि तसाच हात धुवायला निघाला. सुताराने गोळा उचलला, फिरवून बघितला. मातीत खाचा होत्या. अंगठा, आणि चार बोटं.

“अरे,” तो म्हणाला, “हा तर तुझा हात आहे.”

मुलगा पाठमोरा उभा राहिला.

“मला बघवत नाही, बाबा.”

“लग्नाची बायको तुझी.”

“आणि तुम्हाला बघवतं? तुम्ही का नाही घेतलं माप? एवढे दिवस झाले, या घरात कुणी तिच्या हाताकडे बघतं का सांगा.” त्याचा आवाज चढला, मग आत ऐकू जाईल म्हणून खाली आला. “ती झोपते तेव्हाही उशीखाली ठेवते तो.”

दुपारीच टँकर भरायची वेळ झाली म्हणून तो निघून गेला. खरं तर अजून बराच अवकाश होता. सुताराने मातीचा गोळा मोडून पुन्हा बादलीत टाकला.

बारीक मूठ चुकली, हे तर कळलं होतं. जाड हवी, एवढं तरी त्याच्या ध्यानात आलं. दोन बोटांच्या मध्ये तळव्याला भरून राहील अशी. पण जाड, वाळलेलं लाकूड घरात नव्हतं. पडवीत पडलेलं सगळं चुलीत गेलं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी तो गोठ्यात गेला. तिथे यंत्र तेवढं उभं होतं, आणि यंत्राला त्याच्याच हातची पन्हळ. चांगल्या बाभळीची, वर्षानुवर्षं मुरलेली. आता तिचा काही उपयोग नव्हता. तिच्यातच मूठ निघाली असती.

यंत्राबरोबर पत्र्याची पन्हळ आली होती, तिच्या कडा हाताला कापायच्या. म्हणून बायको होती तेव्हा तिच्यासाठी त्याने ही लाकडाची केली. बायको ठेंगणी. त्याने तिला यंत्रापुढे उभं केलं होतं, हात लांब करायला लावला होता, आणि चारा ओढणाऱ्या लोखंडी रुळांपासून तिची बोटं वीतभर अलीकडे राहतील अशी खूण करून पन्हळ तेवढीच कापली होती. “आता हट्टाने घातलास तरी पोचायचा नाही,” तो म्हणाला होता. बायकोने जीभ काढून दाखवली होती. पुढे त्या पन्हळीचं नाव झालं. गवळणीने मागितली, तेल्याने मागितली, शाळेमागच्या घरातून माणूस आला. हीच नमुना म्हणून धरून त्याने सगळ्यांना करून दिली. गोळा दांड्यामुठींना असतो, यंत्राला कसलं आलंय माप, असंच त्याच्या डोक्यात होतं.

खिळे काढायला तो वाकला आणि आत बघून थांबला.

पन्हळीचा तळ घासून घासून काचेसारखा झाला होता, पण शेवटपर्यंत नाही. रुळांच्या वीतभर अलीकडे ती चकाकी संपत होती. पुढे त्याच्याच रंध्याच्या खुणा कोऱ्या करकरीत होत्या. तिथवर बायकोचा हात कधी गेलाच नव्हता. आणि त्या कोऱ्या पट्ट्याच्या मधोमध दुसरी एक वाट पडली होती. अरुंद, नवी, हातांच्या घामाने काळपट झालेली. ती थेट रुळांना भिडत होती.

सुताराने इतक्या वर्षांत स्वतः कधी चारा घातला नव्हता. ते घरातल्या बाईचं काम. आता तो यंत्रापुढे सरळ उभा राहिला. तोही चांगला उंच होता, वयाने वाकला होता एवढंच. त्याने हात पन्हळीत घातला आणि चाऱ्याचा शेवटचा तुकडा पुढे ढकलावा तसा लांब केला.

बोटांना गार लोखंड लागलं.

हात त्याने लगेच काढला नाही. चाक दोरीने बांधलेलं आहे हे ठाऊक असूनही त्याने वळून दोरीची गाठ बघून घेतली.

संध्याकाळी सून पडवीत धान्य निवडत बसली होती. तो समोर येऊन बसला.

“सूनबाई.”

“अं?”

“ती पन्हळ. तुझ्या हाताला आखूड होती.”

तिचा हात थांबला नाही. खडे एका बाजूला पडत राहिले.

“हो, मामंजी.”

“तुला ठाऊक होतं?”

“लग्न होऊन आले तेव्हाच म्हटलं होतं मी. तुम्ही इथेच बसला होता, पटाशीला धार लावत. मी म्हटलं, माझा हात आत रुळापर्यंत जातो, भीती वाटते. तुम्ही म्हणालात, तुझ्या सासूने जन्म काढला त्यावर, तिला नाही वाटली कधी.”

सुतार आठवू लागला. तिचं नवं लग्न आठवलं, ती पटाशीही आठवली. हे बोलणं काही आठवेना. इतक्या सहज बोलून गेला होता की त्याच्यापाशी त्याची खूणही उरली नव्हती.

“दवाखान्यात तुम्ही म्हणालात, लक्ष द्यायला हवं होतं,” ती तशाच बारीक आवाजात म्हणाली. “मी म्हटलं, असेल. पण लक्ष तर मी रोजच देत होते. यंदा चारा तोकडा आला. ढकलावा लागायचा.”

“माझं चुकलं, पोरी.”

तिने सूप बाजूला ठेवलं. मग उठली, बादलीतली माती घेऊन आली आणि डाव्या हाताने त्याच्यापुढे मळू लागली. गोळा झाला तसं तिने दातांनी फडक्याची गाठ सोडली.

“बघा,” ती म्हणाली. “तुम्ही बघा म्हणजे मलाही बघता येईल.”

त्याने बघितला. उलटा बघितला, सुलटा बघितला. तळवा रुंद, कामाचा. मधली बोटं जिथे होती तिथे कातडी ओढून शिवलेली, लाल, ताणलेली. परवाच्या मुठीने तिथेच पुन्हा फाटली होती. अंगठा धडधाकट. करंगळी एकटी पडल्यासारखी बाहेर वळलेली. त्याने हात पुढे केला, जरा थांबला, आणि तिचं मनगट धरलं. तिने गोळा दाबला. मातीत अंगठा खोल रुतला, करंगळी निसटती, आणि मध्ये तळव्याचा मोठा खळगा.

“इथे भरावी लागेल,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “इथे पोट, इथे कंबर. आणि मागून चामड्याचा पट्टा, मनगटावरून. म्हणजे जोर बोटांवर नको. पहाटे लवकर उठून बसतो. ट्रक यायच्या आत होईल कशीबशी. दिवसभराच्या थकल्या डोळ्यांना रात्री पटाशीची धार दिसत नाही.”

“मूठ राहू दे आधी.”

“म्हणजे?”

“गवळणीकडे हीच पन्हळ आहे ना?”

त्याने गल्लीच्या टोकाकडे बघितलं.

“तिची नवी माझ्याएवढी उंच आहे. उजाडायच्या आत मोटार लावते.”

“मी आत्ता जाऊन सांगून येतो. मोटार लावू नको म्हणतो.”

“सांगून काय होतं, मामंजी? मी पण सांगितलंच होतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच सुताराला जास्त लागलं. गवळण काय म्हणेल ते त्याला इथे बसून ऐकू येत होतं. म्हणेल, आमच्याकडे इतकी वर्षं चाललीय, एका रात्रीत बिघडली का? मग म्हणेल, अस्सं, म्हणजे तुमच्या पन्हळीने खाल्ला होय सुनेचा हात! आणि भर गल्लीत म्हणेल. त्याच्यानंतर तेली, त्याच्यानंतर शाळेमागचं घर.

“तुझा ट्रक जाईल,” तो म्हणाला.

“जाऊ दे.”

“मुकादम पुन्हा विचारायचा नाही. पाऊस पडेपर्यंत खायचं काय?”

“ते मला काय ठाऊक?” पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. “पण मी इथे बसून ती मोटार ऐकते ना रोज. सुरू झाली की बंद होईपर्यंत माझ्या हातात काही राहत नाही. तिची मोटार चालू असताना तुम्ही माझी मूठ तासणार? मला धरवायची नाही ती.”

धान्याच्या सुपावर अंधार उतरत होता. सुताराने गोळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“लाकूड घेऊनच जातो. अलीकडच्या तोंडाला हातभर जोड देतो, वर झाकण, म्हणजे हात रुळापर्यंत पोचायचाच नाही. पहाटे, तिने मोटार लावायच्या आत.”

“नक्की?”

“नक्की.”

रात्री त्याने गोठ्यातली पन्हळ सोडवून ठेवली. मुठीसाठी ठेवलेलं लाकूड तेवढंच होतं. ते जोडाला गेलं की मुठीला दुसरं शोधावं लागणार होतं.

पहाटे उठला तेव्हा सून आधीच उठून दिव्यापुढे हात जोडून उभी होती. रोज या वेळी तो नजर दुसरीकडे वळवायचा. आज वळवली नाही, आणि तिच्या हातावर फडकंही नव्हतं. डावा तळवा पुरा होता, उजवा त्याला टेकून. जिथे जुळत नव्हता तिथून दिव्याचा उजेड पलीकडे येत होता. तिचे ओठ हलत होते.

कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. बायकांच्या हसण्याबोलण्याचा आवाज आला. “ए शिडे, येतेस का?” कुणीतरी ओरडलं. तिने हात जोडलेलेच ठेवले. ट्रक घरघरला, गिअर बदलला आणि त्याचा आवाज डोंगराच्या बाजूला जात जात विरला.

सुताराने मातीच्या गोळ्यावर ओलं फडकं घातलं, वाळू नये म्हणून कडा नीट दाबल्या. करवत काखेत धरली, हातोडी आणि खिळे खिशात टाकले, पन्हळीची फळी खांद्यावर घेतली. फळीला धक्का लागून दार वाजू नये म्हणून तो तिरका होऊन बाहेर पडला.

गल्लीत अजून कुणी नव्हतं. टोकाला गवळणीच्या गोठ्यात दिवा लागला होता, आणि त्या उजेडात एक उंच सावली चाऱ्याची पेंढी उचलत होती. मोटार अजून सुरू झाली नव्हती. तो पावलं उचलून चालू लागला.